कर्बाचे चक्र : एका संज्ञेचा आणि एका कल्पनेचा इतिहास

१

सजीवांच्या देहातील कर्ब हवेतून येतो आणि अखेरीस हवेतच परत जातो, हे विधान आज शालेय पाठ्यपुस्तकातही आढळते. हवेतील कर्बाम्लवायू, म्हणजे सध्या ज्यास कार्बन डायऑक्साइड म्हणण्याचा प्रघात आहे तो वायू, वनस्पती शोषून घेतात. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यातील कर्ब आपल्या देहात साठवितात. प्राणी वनस्पतींवर जगतात. आणि श्वसन, कुजणे व ज्वलन या तीन मार्गांनी तोच कर्ब पुन्हा हवेत मिसळतो. विधान इतके सरळ आहे की ते विद्वन्मान्य होण्यास जवळजवळ दोन शतके लागली याचे नवल वाटावे.

या विलंबाचे कारण सामान्यतः उपकरणांच्या उणिवेत शोधले जाते. ते कारण खरे असले तरी अपुरे आहे. कर्ब हे द्रव्य कोळशात, खडूत, दारूच्या पिंपात, प्राण्याच्या उच्छ्वासात आणि झाडाच्या खोडात वावरत होते. पण प्रत्येक ठिकाणी त्याचे नाव वेगळे होते. नावे वेगळी असल्यामुळे द्रव्येही वेगळी समजली जात, आणि जे एक आहे असेच ठाऊक नाही त्याचा प्रवास कोणास दिसणार? पुढे एक नाव मिळाले व प्रवास दिसू लागला. परंतु त्या प्रवासास ‘वर्तुळ’, ‘समतोल’ अशा ज्या संज्ञा देण्यात आल्या त्यांनी एक नवाच भ्रम निर्माण केला. कर्बाच्या इतिहासाचे हे दोन टप्पे अलग करून पाहिले असता शास्त्रीय परिभाषा ही ज्ञानाची केवळ वेष्टनपट्टी नसते, ती ज्ञानाची वाट मोकळी करते किंवा अडविते, हे स्पष्ट होते.

२

या इतिहासाचा आरंभ ब्रसेल्सच्या यान बाप्टिस्ट फान हेल्मॉन्टपासून करणे योग्य होईल. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, त्याच्या मुलाने प्रसिद्ध केला. त्यात एक प्रयोग वर्णिला आहे. भट्टीत वाळविलेली २०० पौंड माती एका मोठ्या कुंडीत घालून तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. विलो म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या जातीचे झाड. कुंडीस केवळ पाणी दिले आणि धूळ पडू नये म्हणून तिच्यावर छिद्रे असलेले झाकण ठेवले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंडांहून थोडे अधिक भरले. माती मात्र पुन्हा वाळवून तोलली असता अवघी दोन औंस घटली होती. यावरून हेल्मॉन्टने असा निष्कर्ष काढला की, झाडाचे १६४ पौंड लाकूड, साल व मुळे केवळ पाण्यापासून बनली.

त्याच ग्रंथात अन्यत्र दुसरे निरीक्षण आहे. ६२ पौंड ओकचा कोळसा जाळला असता केवळ १ पौंड राख उरते. उरलेले ६१ पौंड एका अदृश्य द्रव्याच्या रूपाने निघून जातात. या द्रव्यास नाव नव्हते, म्हणून हेल्मॉन्टने नवा शब्द घडविला. ‘खाओस’ या ग्रीक शब्दावरून, फ्लेमिश उच्चारास अनुसरून, त्याने ‘गॅस’ हा शब्द सिद्ध केला, आणि कोळशातून निघणाऱ्या वायूस ‘गॅस सिल्व्हेस्त्र’ म्हटले. या विशेषणात रानातला आणि रानवट, म्हणजे भांड्यात कोंडता न येणारा, असे दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत. जगातील अनेक भाषांत रूढ झालेला हा शब्द एका व्यक्तीने जाणीवपूर्वक घडविला, ही भाषेच्या इतिहासातील एक विरळा घटना होय.

झाड कशाचे बनते आणि लाकडाचा कोळसा जळून कोठे जातो, या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू हेल्मॉन्टच्या हाती होत्या. तरीही त्याने त्या एकत्र जोडल्या नाहीत. सर्व पदार्थांचे मूळ पाणी आहे, अशी त्याची धारणा होती. वायू हेही त्याच्या मते पाण्याचेच रूपांतर. त्यामुळे जे द्रव्य कोळशातून बाहेर पडताना त्याने तोलले, तेच झाडात शिरताना त्यास दिसले नाही.

३

यानंतर सुमारे एका शतकाने एडिंबरो येथे जोझेफ ब्लॅक याने १७५४ च्या आपल्या वैद्यकीय प्रबंधात व १७५६ च्या निबंधात या वायूचा पद्धतशीर अभ्यास केला. चुनखडी भट्टीत भाजली की तिचा कळीचा चुना होतो, ही गोष्ट चुनाभट्टीवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. भाजताना चुनखडीचे वजन घटते, आणि ती घट म्हणजे निसटून गेलेला वायू होय, हे ब्लॅकने तराजूने दाखविले. हाच वायू चुन्याच्या निवळीतून सोडला असता निवळी दुधाळ होते. या कसोटीने त्याने तो मनुष्याच्या उच्छ्वासात, आंबणाऱ्या द्रवात आणि जळत्या कोळशाच्या धुरातही ओळखला. घन पदार्थात तो जखडलेला असतो म्हणून ब्लॅकने त्यास ‘स्थिर वायू’ असे नाव दिले. जे द्रव्य पुढे सृष्टीतील अखंड गतीचे उदाहरण ठरावयाचे होते, त्यास नेमके ‘स्थिर’ म्हटले गेले, हा परिभाषेच्या इतिहासातील एक चमत्कारिक योग म्हटला पाहिजे.

१७७१ च्या ऑगस्टमध्ये लीड्स येथे जोझेफ प्रीस्टली याने मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती उत्तम रीतीने जळाली. प्राण्यांच्या श्वासाने व ज्वलनाने बिघडलेली हवा वनस्पती शुद्ध करतात, असा सिद्धान्त त्याने मांडला, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा कॉप्ली पदक देऊन गौरव केला. परंतु पुढे काही प्रयोगांत वनस्पतींनी हवा सुधारण्याऐवजी बिघडविलीच असे आढळू लागले. हा गोंधळ यान इंगेनहाउस याने १७७९ साली दूर केला. हवा सुधारण्याचे कार्य केवळ हिरवे भाग करतात आणि तेही प्रकाशातच. अंधारात वनस्पती प्राण्यांप्रमाणेच हवा दूषित करतात, असे त्याने शेकडो प्रयोगांनी सिद्ध केले. १७८२ मध्ये जिनिव्हाच्या झाँ सेनेबिये याने याच्याही पुढे जाऊन, वनस्पतींना या कार्यासाठी स्थिर वायूच लागतो, असे दाखविले.

येथवर सर्व घटक हाती आले होते. परंतु सर्वांची भाषा ‘बिघडलेली’ हवा व ‘सुधारलेली’ हवा अशी होती. हवा एकच, तिचे गुण बदलतात, असा या भाषेचा आशय होता. एखादे द्रव्य एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, हा अर्थ त्या भाषेत व्यक्त करता येत नव्हता. शिवाय त्या एका वायूची नावे किती! हेल्मॉन्टचा ‘रानवट’ वायू, ब्लॅकचा ‘स्थिर’ वायू, स्वीडनच्या बेर्गमानचे ‘हवाई आम्ल’, लाव्हाझिएचे ‘खडूचे आम्ल’. प्रत्येक नाव तो वायू कोठे सापडला किंवा कसा भासला ते सांगत होते; तो कशाचा बनला आहे हे एकही नाव सांगत नव्हते.

४

हा पेच १७८७ साली सुटला. त्या वर्षी गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूरक्रॉय या चौघा फ्रेंच रसायनज्ञांनी रसायनशास्त्राच्या नामकरणाची नवी पद्धती प्रसिद्ध केली. पदार्थाचे नाव त्याच्या घटकांवरून पडावे, हे तिचे सूत्र होते. फ्रेंच भाषेत कोळशास ‘शार्बाँ’ हा शब्द होताच. पण बाजारातील कोळसा हा राख व इतर द्रव्ये मिसळलेला पदार्थ. त्यातील शुद्ध मूलद्रव्यास वेगळे नाव हवे, म्हणून कोळसा या अर्थाच्या ‘कार्बो’ या लॅटिन शब्दावरून ‘कार्बोन’ हा शब्द घडविण्यात आला. स्थिर वायूचे नाव ‘कार्बोनिक आम्ल’ झाले.

वरवर पाहता हा केवळ शब्दबदल होता. वस्तुतः त्यामुळे एक नवी वस्तू विचारात अवतरली. ‘कर्ब’ ही कोणास डोळ्यांनी दिसणारी चीज नव्हे. कोळशात तो आहे, खडूत आहे, उच्छ्वासात आहे. पण यांपैकी कोणताही पदार्थ म्हणजे कर्ब नव्हे. स्मिथसन टेनंट याने १७९७ मध्ये हिरा जाळून तोही निव्वळ कर्बच असल्याचे दाखविले, तेव्हा या अमूर्त संज्ञेचे सामर्थ्य उघड झाले. रूप पालटले तरी जे पालटत नाही, त्यास आता नाव होते. लाव्हाझिएने लाप्लासच्या सहकार्याने श्वसन हे एक मंद ज्वलनच असल्याचे बर्फाच्या उष्णतामापकात गिनीपिग ठेवून आधीच दाखविले होते. ते आता ‘कर्बाचे ज्वलन’ या दोन शब्दांत सांगता येऊ लागले.

या नव्या भाषेत लिहिलेला पहिला मोठा हिशेब म्हणजे निकोला-तेओदोर द सोस्यूर याचा १८०४ चा ग्रंथ होय. वनस्पतीने किती कर्बाम्लवायू घेतला, किती प्राणवायू सोडला आणि तिचे वजन किती वाढले, हे त्याने मोजले. वाढलेले वजन शोषलेल्या कर्बाहून अधिक भरते, तेव्हा पाण्याचाही वनस्पतीच्या देहात अंतर्भाव होतो, हे त्यावरून निघाले. अशा रीतीने हेल्मॉन्ट अर्धा बरोबर ठरला, आणि त्याने न जोडलेला दुसरा अर्धा भाग दीड शतकानंतर त्यास जोडला गेला.

५

तरीही एक शंका उरली. हवेत कर्बाम्लवायूचे प्रमाण दहा हजार भागांत चार-पाच भाग इतके अल्प; एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर अरण्येच्या अरण्ये वाढतात, हे पटावयास कठीण होते. मातीतील कुजलेला काळा अंश, म्हणजे ह्यूमस, मुळांवाटे शोषून वनस्पती आपला कर्ब मिळवितात, असे मत जर्मनीतील आल्ब्रेख्त टेअरसारख्या कृषितज्ज्ञांच्या पुरस्काराने रूढ होते. शेतकऱ्याच्या अनुभवाशीही ते जुळत असे. या मतास दोन बाजूंनी धक्का बसला. आल्सेसमधील आपल्या शेतावर बूसिंगो याने खतातून आलेला व पिकातून गेलेला कर्ब यांचा जमाखर्च मांडला, तेव्हा खर्च जमेहून पुष्कळ जास्त निघाला. अर्थात उरलेला कर्ब हवेतून आला असला पाहिजे. १८४० साली लीबिग याने आपल्या कृषिरसायनावरील ग्रंथात ह्यूमसवादाचे खंडन करताना असाच युक्तिवाद केला : ज्या रानास कोणी खत घालत नाही तेथून दरवर्षी लाकूड नेले तरी जमिनीतील ह्यूमस घटत नाही, उलट वाढतो.

१८४१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्यालयात दिलेल्या व्याख्यानात झाँ-बातिस्त द्यूमा याने या सर्व संशोधनास एकत्र गुंफले. हवा वनस्पतीस देते, वनस्पती प्राण्यास देते आणि प्राणी ते पुन्हा हवेस परत करतो, असे एक शाश्वत वर्तुळ त्याने श्रोत्यांपुढे उभे केले. बूसिंगोसह प्रसिद्ध केलेल्या त्या निबंधाच्या शीर्षकात त्याने ‘सजीवांचे रासायनिक स्थितिशास्त्र’ असा शब्दप्रयोग योजला. स्थितिशास्त्र म्हणजे बलांच्या समतोलाचे शास्त्र. येथे कर्बचक्राची कल्पना पूर्णत्वास गेली, आणि येथेच दुसऱ्या भ्रमाचे बीजही पडले.

६

वर्तुळ या प्रतिमेत तीन गोष्टी गृहीत असतात : निघालेले परत येते, जितके निघते तितकेच येते, आणि हे निरंतर चालते. द्यूमाच्या निबंधात पहिल्या गोष्टीस प्रयोगाचा आधार होता. उरलेल्या दोन प्रतिमेबरोबर आपोआप आल्या. प्रीस्टलीच्या काळी ईश्वरी योजनेचे दर्शन म्हणून जो समतोल वाखाणला गेला, तोच आता रसायनशास्त्राचा सिद्धान्त म्हणून स्वीकारला गेला.

अवघ्या चार वर्षांनी, १८४५ मध्ये, झाक-जोझेफ एबेलमेन या फ्रेंच खाणअभियंत्याने या वर्तुळाबाहेरचा एक मार्ग दाखविला. ज्वालामुखीतून कर्बाम्लवायू बाहेर पडतो. पावसाच्या पाण्यात विरघळून तो खडकांतील सिलिकेटांची झीज करतो आणि अखेर समुद्राच्या तळाशी चुनखडीच्या रूपाने निक्षेपित होतो. वनस्पतींचे काही अवशेष न कुजता गाळात गाडले जातात. या देवघेवीची गती अत्यंत मंद, पण तिचे दोन्ही बाजूंचे मान सारखेच असले पाहिजे असा कोणताही नियम नाही. म्हणून हवेची घटना भूशास्त्रीय काळात पालटत आली असावी, असे त्याचे प्रतिपादन होते. महाराष्ट्राच्या पठारावरील काळा पाषाण हा अशा झिजेस विशेष वश होणाऱ्या खडकांपैकी आहे, आणि काळ्या जमिनीत नांगराच्या फाळास लागणारे चुनखडे हवेतील कर्ब दगडात बंदिस्त झाल्याची साक्ष देतात. परंतु एबेलमेन १८५२ मध्ये निवर्तला आणि त्याचे हे कार्य दीर्घकाळ विस्मृतीत पडले.

अर्धशतकानंतर स्वीडनमध्ये आर्व्हिड ह्योगबोम याने याच मंद देवघेवीचा पुन्हा हिशेब केला. त्याचा आधार घेऊन स्वांटे आरेनियस याने १८९६ साली हवेतील कर्बाम्लवायूच्या फरकाने पृथ्वीचे तापमान किती बदलेल, याचे गणित प्रसिद्ध केले. त्या वेळी जगात दरसाल सुमारे ५० कोटी टन दगडी कोळसा निघत असे. त्यापासून होणारा वायू हवेतील एकूण कर्बाम्लवायूच्या साधारण एक सहस्रांश भरतो, अशी ह्योगबोमची गणना त्या निबंधात आहे. मात्र हा वायू समुद्रात व खडकांत जिरून जाईल, असाच बहुतेक विद्वानांचा ग्रह राहिला. इंग्लंडच्या गाय कॅलेंडर याने १९३८ साली हवेतील कर्बाम्लवायू व तापमान दोन्ही वाढत असल्याचे मांडले, तेव्हाही बहुतेक तज्ज्ञ साशंकच राहिले. वर्तुळाची प्रतिमा आकड्यांहून बलवत्तर ठरली.

७

हा ग्रह मोडण्यास दोन साधने कारणीभूत झाली. पहिले साधन म्हणजे खुणेचा कर्ब. १९४० च्या फेब्रुवारीत बर्कली येथे मार्टिन केमेन व सॅम्युएल रूबेन यांनी कर्ब-१४ हे किरणोत्सारी समस्थानिक शोधून काढले. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षांचे आहे. त्याच्या आधारे मेल्व्हिन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन व जेम्स बॅशॅम यांनी प्रकाशसंश्लेषणात कर्ब कोणत्या संयुगातून कोणत्या संयुगात जातो, हे पायरीपायरीने उलगडले; कॅल्व्हिन यास १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच समस्थानिकाने दुसरीही एक साक्ष दिली. दगडी कोळसा व खनिज तेल कोट्यवधी वर्षे गाडलेले असल्याने त्यांत कर्ब-१४ उरलेला नसतो. हान्स स्यूस याने १९५० नंतरच्या दशकात झाडांच्या वार्षिक वलयांत असे दाखविले की, अलीकडील लाकडात कर्ब-१४ चे प्रमाण अपेक्षेहून कमी आहे; म्हणजे कोळशाचा जुना कर्ब झाडांच्या ताज्या लाकडात उतरला आहे. १९५७ मध्ये त्याने रॉजर रेव्हेल याच्यासह लिहिलेल्या निबंधात समुद्राच्या पाण्याची रासायनिक घटनाच जादा कर्बाम्लवायू सामावण्यास काहीसा विरोध करते, हे पुढे आले.

दुसरे साधन म्हणजे अचूक व अखंड मोजमाप. १९५८ च्या मार्चमध्ये चार्ल्स कीलिंग याने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर नोंदी सुरू केल्या. पहिली नोंद दशलक्ष भागांत ३१३ भाग अशी होती. मे महिन्यात प्रमाण शिगेस पोचे, उत्तर गोलार्धातील उन्हाळ्यात वनस्पती वाढत असता ते उतरे आणि हिवाळ्यात पुन्हा चढे. द्यूमाचे वर्तुळ येथे प्रथमच सबंध पृथ्वीच्या श्वासोच्छ्वासाप्रमाणे कागदावर उमटले. परंतु वर्षाच्या अखेरीस रेषा आरंभबिंदूवर परतत नव्हती. दरसाल ती किंचित वर राही. २०२४ साली तेथील वार्षिक सरासरी ४२४ च्या वर गेली. वर्तुळ म्हणून जे कल्पिले होते ते मोजले असता चढता नागमोडी जिना निघाला.

याचा उलगडा एबेलमेनच्या विसरलेल्या विचारात आहे. कर्बाचे परिभ्रमण एक नसून दोन आहेत. एक जलद : जमिनीवरील वनस्पती दरसाल १०० अब्ज टनांहून अधिक कर्ब हवेतून घेतात आणि तो बहुतांशी काही वर्षांत वा दशकांत परत जातो. दुसरे मंद : खडक, गाळ व ज्वालामुखी यांमधून लक्षावधी वर्षांत पुरे होणारे. मंद मार्गात गाडला गेलेला कर्ब खणून मनुष्य आज दरसाल सुमारे १० अब्ज टन या मानाने जलद मार्गात ओतीत आहे. जलद प्रवाहाच्या तुलनेने ही रक्कम लहान दिसते आणि त्यामुळेच ती दीर्घकाळ उपेक्षिली गेली. परंतु ज्वालामुखी देतात त्याच्या ती सुमारे शंभर पट आहे, आणि तिच्या परतीचा मार्ग भूशास्त्रीय गतीचा आहे. समुद्र व भूमी मिळून तिचा सुमारे निम्मा भाग शोषतात. उरलेला हवेत साठतो.

८

या इतिहासाचे मराठीतील पडसादही लक्षणीय आहेत. ‘कर्ब’ हा शब्द ध्वनिसाम्यावर घडलेला आहे. ‘कर्बोदक’ या शब्दात पाण्याचा आणि कर्बाचा संयोग सांगितला जातो, जणू सोस्यूरचा निष्कर्षच त्यात सामावला आहे. डॉ. रघुवीर यांनी अर्थानुसारी मार्ग पत्करून ‘प्रांगार’ हा शब्द सुचविला. लॅटिन ‘कार्बो’ आणि संस्कृत ‘अंगार’ यांचा अर्थ जुळत असल्याने तो व्युत्पत्तिदृष्ट्या निर्दोष होता, पण रुळला नाही. पाठ्यपुस्तकांत व विश्वकोशात ‘कार्बन’ स्थिरावला. ‘कर्ब’ मात्र नाहीसा झाला नाही. माती-परीक्षणाच्या अहवालात व शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘सेंद्रिय कर्ब’ या जोडनावाने तो आजही जिवंत आहे.

परिणाम असा झाला आहे की, शेतातील मातीत असतो तो बहुधा ‘कर्ब’ आणि कारखान्याच्या धुरात असतो तो ‘कार्बन’. पहिला हवासा, दुसरा नकोसा. पहिल्याची चिंता कृषिखात्यास, दुसऱ्याची पर्यावरणखात्यास. वस्तुतः उसाचे पाचट शेतात पेटविले जाते त्या घटकेस पहिलाच दुसरा होतो, आणि ते कुजवून मातीत मिळविले असता त्याचा काही अंश काही काळ मातीत राहतो. जगातील मातीत साठलेला कर्ब हवेतील व वनस्पतींतील एकत्रित कर्बाहून अधिक आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा भेद केवळ शब्दांचा नव्हे, हे कळून येते.

अठराव्या शतकात एका वायूस चार नावे होती आणि म्हणून त्याची एकता दिसत नव्हती. एकोणिसाव्या शतकात एकता दिसली, पण ‘वर्तुळ’ या शब्दाने तिच्यातील विषमता झाकली. मराठीत ऋतुचक्र, कालचक्र या शब्दांच्या सहवासाने ‘कर्बचक्र’ या शब्दासही पुनरागमनाच्या निश्चितीचा रंग चढतो. शब्द टाकून देण्याचे कारण नाही. जलद मार्गाचे वर्णन म्हणून तो यथार्थच आहे. परंतु तो उच्चारताना कोणत्या मार्गाचे चक्र, आणि ते किती काळाने पुरे होणारे, हे दोन प्रश्न त्यास जोडून विचारले गेले पाहिजेत. दोनशे पौंड माती काटेकोर तोलणाऱ्या हेल्मॉन्टची चूक तराजूची नव्हती. आपल्याच हातांनी तोललेल्या दोन वस्तू एकच आहेत, हे त्यास सांगणारा शब्द त्याच्यापाशी नव्हता. आजच्या अभ्यासकापाशी तो शब्द आहे, आणि तराजूही आहे.